आबांची रवाळ रिकीब

आमच्या घरात ‘रवाळ’ या शब्दाला फार मान होता. तूप रवाळ हवं, गूळ रवाळ हवा, बेसनाचे लाडू तर रवाळ नसतील तर आबा पहिला घास घेऊन ताट सरकवत. आबा म्हणजे माझे वडील. सरकारी पागेत त्यांची सगळी नोकरी झाली, आणि घोडा नि तूप या दोन गोष्टींतलं आपल्याएवढं बडोद्यात कुणालाच कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. सावली गावाहून तूपवाला यायचा. तो डब्याचं झाकण काढून आधी म्हणायचा, “कणीदार छे, साहेब!” मग आबा चिमूटभर तूप अंगठ्यावर घेऊन उन्हाला धरत, आणि रवा चमकला की खूश होत. गुजराती कणीदार आणि मराठी रवाळ, म्हणजे चांगल्याची खूण एकच, यावर गावात दुमत नव्हतं.

या एका शब्दापायी माझी अख्खी नोकरी जायची वेळ आली होती, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही.

लहानपणी मला एक मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना डाव्या पायातला जोर घेऊन गेला. गुडघ्याखाली पाय बारीक राहिला, घोटा धरेना. आई रोज तेल चोळायची, दादा मला पाठुंगळीला घेऊन शाळेत सोडायचा. आबा मात्र त्या पायाकडे कधी बघत नसत. माझ्याशी बोलायचे, चेष्टा करायचे, अभ्यास घ्यायचे, पण नजर गुडघ्याखाली कधी उतरायची नाही. मी पाय पुढे करून बसले तर वर्तमानपत्र उघडायचे. मला याचा संताप यायचा. दुसऱ्याच्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन तासन्‌तास बघणारा माणूस, आणि पोटच्या पोरीच्या पायाला याने कधी बोट लावलं नाही!

मी शिकले मात्र हट्टाने. महाराजांच्या राज्यात मुलींना शाळेत घालणं सक्तीचं होतं, त्यामुळे शिकवणाऱ्या बायका कायम कमीच पडायच्या. मी शिक्षिकेची परीक्षा पास झाले आणि सयाजीगंजातल्या एका मुलींच्या शाळेत जागा निघाली. तपासनीसबाईंनी माझे कागद पाहिले, मला पाहिलं आणि सरळ सांगितलं, “हुशारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्गात उभं राहून शिकवता आलं पाहिजे. पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. एक दिवस ठरवू, मी स्वतः येऊन बघेन.” मला राग आला नाही, कारण त्या स्पष्ट बोलल्या. तोवर सगळे “बघू हं” म्हणून कटवत होते.

आता पायाला आधार हवा होता. लोहाराकडून केलेली एक लोखंडी चौकट होती माझ्याकडे. टाचेखालून जाऊन दोन्ही बाजूंनी गुडघ्याखालपर्यंत यायची, वर चामड्याचे पट्टे. घरात सगळे तिला ‘रिकीब’ म्हणत. घोड्यावर बसताना पाय अडकवायची कडी ती रिकीब, म्हणजे हे नावही आबांच्या पागेतूनच आलेलं. पण ती इतकी जड की आधीच मेलेला पाय ती घालून उचलायचा कसा? अंगणातून ओसरीवर येईपर्यंत मला घाम फुटायचा.

दादा, माझा थोरला भाऊ, एका ओतशाळेत शिकवत असे. धातू वितळवून साच्यात ओतायचं काम. एके दिवशी तो म्हणाला, “तुझी रिकीब मी ॲल्युमिनियमची ओततो. पिसासारखी हलकी होईल.” ॲल्युमिनियम तेव्हा नवलाईचं होतं, आईने त्याची भांडी स्वैपाकघरात येऊ दिली नव्हती. नुसतं ॲल्युमिनियम फार मऊ, म्हणून त्यात सिलिकॉन घालतात, असं दादाने सांगितलं. सिलिकॉन म्हणजे वाळूतूनच काढलेला पदार्थ. तो घातला की धातू साच्यात पाण्यासारखा पळतो, कानाकोपरे भरतो आणि थंड झाल्यावर कडक होतो.

ओतशाळेची एक पद्धत होती. वस्तू ओतताना तिच्याबरोबर त्याच मुशीतल्या, म्हणजे वितळवायच्या भांड्यातल्या, धातूचा बोटाएवढा एक तुकडाही ओतायचा, आणि तो मोडून धातूचं पोट बघायचं. दादाने रिकीब घरी आणली तेव्हा तो मोडलेला तुकडाही खिशातून आणला होता. मी तो हातात घेतला आणि बघतच राहिले. आत नुसती चकाकी! लहान लहान सपाट पाती, कुणी हिऱ्यांचा चुरा दाबून बसवावा तशी. आबांनी तो उन्हात धरला, अंगठ्यावरचं तूप धरायचे अगदी तस्साच, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! काय रवा धरलाय! याला म्हणतात माल.”

“ओतशाळेतला मिस्त्रीही हेच म्हणाला,” दादा म्हणाला. “बहु कणीदार, म्हणे.”

रिकीब खरंच हलकी होती. मी घरभर चालले. आईने दृष्ट काढली. तो चमकणारा तुकडा मी खिडकीत ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

मग एका सकाळी परसदाराच्या पायरीवरून उतरताना, हातात चिरलेल्या भोपळ्याचं ताट, पायाखाली काचेची बाटली फुटावी तसा आवाज झाला आणि मी जमिनीवर होते. कोपर सोलवटलं, भोपळा सगळीकडे. पण मला आठवतं ते वेगळंच. रिकीब टाचेपाशी दुभंगली होती आणि मोडलेल्या जागी तीच चकाकी होती. तीच सुंदर, हिऱ्यासारखी. मी हबकून तिच्याकडे बघत बसले. आई ओरडत धावत आली तरी मला उठायचं सुचेना. जे मी खिडकीत मांडून मिरवलं होतं, त्यानेच मला पाडलं होतं. पुढे कितीतरी दिवस मला कशावरही वजन टाकायचा धीर होईना, अगदी पाटावर बसतानासुद्धा मी आधी चाचपून बघायची.

“ओतताना आत हवा राहिली असेल,” आबा म्हणाले. “मालाचा दोष नाही.”

दादाचा चेहरा मात्र उतरला होता. तो ग्रंथालयात जाऊन परदेशी मासिकं चाळत बसू लागला. आणि एके दिवशी आला तो थेट स्वैपाकघरातच, चपला न काढता. आई चिरोट्यांसाठी पाक करत होती. ती त्याला चपलांवरून बोलणार, तेवढ्यात तिने सवयीने पाकात लिंबू पिळलं.

“हे का करतेस?” दादाने विचारलं.

“का म्हणजे? नाहीतर पाक साखर धरतो. खडे होतात.”

दादा डोक्याला हात लावून खालीच बसला. “आई, अगं हेच! अगदी हेच!”

मग त्याने आम्हाला सांगितलं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन विरघळून गेलेलं असतं, पाकात साखर असते तसं. धातू थंड होऊ लागला की ते वेगळं होऊ लागतं आणि त्याचे रवे धरतात. सावकाश वाढू दिले की ते पातळ, सपाट, धारदार पात्यांसारखे वाढतात. तीच ती चकाकी. धातूच्या पोटात जणू काचेच्या कपच्या आडव्यातिडव्या भरलेल्या. जोर पडला की एक कपची तडकते, तिथून तडा दुसरीत जातो, तिथून तिसरीत, आणि वस्तू एका दमात दुभंगते. पण ओतण्याआधी त्यात किंचित सोडियम घातलं, तर ती पाती वाढायचीच थांबतात. सिलिकॉन तेवढंच राहतं, पण काथ्याच्या तंतूंसारखं बारीक होऊन सगळीकडे पसरतं. तड्याला धावायला वाटच उरत नाही.

“किंचित म्हणजे किती?” मी विचारलं.

“मुशीभर धातूला सुपारीच्या खांडाएवढं.”

मला पटेना. एवढ्याशा कशाने काय होतंय? मी म्हटलं, मला बघायचंय. दादा मला टांग्यातून ओतशाळेत घेऊन गेला आणि एका स्टुलावर, भट्टीपासून लांब, बसवलं. सोडियम रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं होतं. दादाने चिमट्याने एक ढेकूळ काढलं, पुसलं आणि चाकूने खरवसासारखं कापलं. आत चांदीसारखं लखलखीत, आणि बघता बघता काळवंडलं. मला गंमत दाखवायला त्याने एक कणभर तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला. तो पाण्यावर सैरावैरा पळाला, फुस्स करून पेटला आणि फट्‌दिशी फुटला. मी स्टुलावरून पडता पडता राहिले. पाण्याने पेटणारी वस्तू! आणि ही माझ्या पायात घालायच्या रिकिबीत?

“घाबरू नकोस, धातूत गेलं की ते असं काही करत नाही,” दादा हसत म्हणाला. मला हसू येत नव्हतं.

सोडियमचं खांड कागदात गुंडाळून, भोकाभोकांच्या लोखंडी वाटीत घालून त्याने मुशीच्या तळाशी दाबलं. पिवळीधमक ज्वाळा उसळली, पांढरा धूर झाला, धातू खदखदला आणि शांत झाला. “आता लगेच ओता,” दादा मिस्त्रीला म्हणाला, “फार थांबलो तर गुण उडून जातो.” साचा भरला, तुकडाही ओतला.

तुकडा थंड झाल्यावर दादाने तो शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळून घणाचा घाव घातला. तुकडा मोडला नाही, वाकला. दुसऱ्या घावाला आणखी वाकला. फार ठोकल्यावर कसाबसा तुटला, आणि आत पाहिलं तर मी निराशच झाले. चकाकी नावाला नाही. फिकट, मऊसर, बारीक पोताचं काहीतरी. मिस्त्रीने तो हातात फिरवला आणि हळहळून म्हणाला, “आ तो मरी गयुं, साहेब.” खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. दादा मात्र तो मेलेला तुकडा हातात घेऊन वेड्यासारखा नाचत होता.

घरी मोठं महाभारत झालं. आबांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, जुना चमकता आणि नवा फिका.

“हे बिघडलेलं आहे,” त्यांनी निकाल दिला. “तूप जळलं की असं दिसतं. रवा मेलाय यातला.”

“रवा मेलाय म्हणूनच ते चांगलं आहे, आबा. हे मोडत नाही, वाकतं.”

“वाकते ती काय रिकीब? पागेत वाकलेली रिकीब मी भंगारात टाकायचो.”

दादाने घण आणून दाखवायची तयारी केली, तर आबा उठून गेले. आणि त्यांच्या समाधानासाठी म्हणून दादाला सोडियमशिवाय आणखी एक रिकीब ओतावी लागली, “या वेळी हवा राहणार नाही अशी नीट.” आता घरात एकाच साच्यातल्या दोन रिकिबी झाल्या. घासूनपुसून दोन्ही वरून सारख्याच दिसायच्या. गोंधळ नको म्हणून दादाने सोडियमवालीच्या आतल्या बाजूला कानशीने एक खाच पाडली. त्या खाचेत माझ्या मोज्याचा धागा अडकायचा. मी तीच घालून रोज सराव केला, पायरी चढायची, उतरायची, हातात पुस्तक धरून उभं राहायचं. हळूहळू धसका गेला.

तपासनीसबाईंचा दिवस आला. दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून माझ्याबरोबर आबा निघाले. लाल पगडी, उपरणं, नवे जोडे. आईने घाईघाईत पट्टे आवळून दिले आणि आम्ही टांग्यात बसलो. आबा खुशीत होते. विश्वामित्री नदीचा पूल ओलांडला आणि टांगा हिसकला, तसा मी पट्टा चाचपायला लुगड्यातून हात खाली नेला. बोटं सवयीने खाचेकडे गेली. खाच नव्हती.

मला वाटलं दुसरी बाजू असेल. तिथेही नव्हती. टांगा चालला होता, घोड्याचे घुंगरू वाजत होते, आणि मला काही ऐकूच येईना.

“आबा,” मी म्हटलं, “ही दुसरी आहे.”

आबांनी समोर बघतच मान डोलावली. “तू अंघोळीला गेलीस तेव्हा बदलली. पट्टे काढून घालायला मला वेळ लागतो होय? आजच्यासारख्या दिवशी पोरीच्या पायात बिघडलेला माल घालून पाठवू?”

इतक्या प्रेमाने बोलले! मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. मागे फिरावं तर वेळ नव्हती, आणि पुढे शाळेच्या पायऱ्या होत्या. परसदाराच्या पायरीवर पडणं वेगळं आणि शाळेतल्या सगळ्या मुलींच्या देखत, तपासनीसबाईंच्या देखत पडणं वेगळं. तिथे पडले असते तर मला पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

शाळेच्या फाटकाशी टांगा थांबला. “बेन, अहीं ज उतरवुं छे?” टांगेवाल्याने विचारलं. मी आबांचा हात धरून उतरले, फाटकालगतच्या दगडी ओट्यावर बसले आणि पट्टे सोडायला लागले.

“अगं, काय करतेस? लोक बघताहेत!”

“बघू देत,” मी म्हटलं. “तुम्हीही बघा.”

मी रिकीब दोन्ही हातांनी धरली आणि ओट्याच्या कडेवर आपटली. आपटताना माझ्या मनात काय होतं ते सांगते. ती मोडू नये असंच मला वाटत होतं. आबांचं खरं ठरावं, आणि मी ती घालून सरळ आत जावं. पण पहिल्याच घावाला तो ओळखीचा आवाज झाला आणि अर्धी रिकीब आबांच्या नव्या जोड्यांपाशी जाऊन पडली.

आबांनी ती उचलली. मोडलेली बाजू उन्हात चकाकत होती, त्यांना आवडायची तशी. ते तिच्याकडे बघत राहिले, मग पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्या उघड्या, बारीक पायावर आली आणि तिथून हलेना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पायऱ्या त्यांनाही दिसत होत्या. ते टांग्यात चढले. “पाछो ले! जलदी!” एवढंच ऐकू आलं.

मी ओट्यावर एकटी. पाय लुगड्याखाली ओढून घेतला, पण उठता तर येत नव्हतं. तेवढ्यात तपासनीसबाई आल्याच. मला पाहून थांबल्या. मी जे झालं ते सांगून टाकलं, काही झाकलं नाही. त्यांनी ओट्यावरचा मोडका तुकडा उचलला आणि म्हणाल्या, “किती सुंदर दिसतोय हो आतून! चांदी आहे का?”

मला हसावं की रडावं कळेना. “सगळ्यांना सुंदरच दिसतो,” मी म्हटलं. आणि का कोण जाणे, मी त्यांना तिथेच बसल्या बसल्या रवा कसा धरतो ते सांगायला लागले. पाक, लिंबू, पाती, तडा. प्रार्थना सुटून ओसरीवर आलेल्या मुलीही कठड्याशी गोळा झाल्या. एकीने विचारलं, “बाई, मग लाडूतला रवा पण वाईट?” मी म्हटलं, “लाडू मोडण्यासाठीच असतो गं. त्यावर उभं कोण राहतं?” मुली हसल्या. तपासनीसबाई हसल्या नाहीत. “शिकवता येतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पण पायऱ्या राहिल्यात.”

“वडील आणायला गेलेत,” मी म्हटलं.

टांगा भरधाव आला. आबा थांबायच्या आधीच उतरले आणि मला आणखी एक धक्का बसला. त्यांच्या डोक्याला पगडी नव्हती. पुलावर उडाली, टांगेवाला थांबत होता, तर यांनी थांबू दिलं नाही, असं नंतर कळलं. ज्या माणसाला आम्ही घरातसुद्धा डोकं उघडं टाकून ओसरीवर आलेलं पाहिलं नव्हतं, तो सयाजीगंजच्या भर रस्त्यात बोडका उभा होता, हातात फिकी रिकीब घेऊन. मी ती घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

ते माझ्यासमोर धुळीत गुडघे टेकून बसले. माझा पाय त्यांनी उचलून मांडीवर घेतला. तो हात किती सराईत होता! टाच कशी धरायची, घोटा कसा पेलायचा, सगळं त्यांना येत होतं. इतकी वर्षं येत होतं. आधी त्यांनी अंगठ्याने खाच चाचपली, मग रिकीब चढवली आणि पट्टा ओढला. मुली बघत होत्या, तपासनीसबाई बघत होत्या, टांगेवाला बघत होता. आबांचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

पट्टा आवळता आवळता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, “दुखतं का गं?”

हे आईने रोज विचारलं होतं, दादाने विचारलं होतं, वैद्याने विचारलं होतं. आबांनी कधीच नाही. आणि आत पायऱ्या वाट बघत होत्या, ज्या मी चढले, आणि पुढे म्हातारी होईपर्यंत रोज चढत राहिले.

“अजून एक भोक पुढे घ्या, आबा,” मी म्हटलं. “सैल राहतंय.”

त्यांनी घेतलं, आणि मी उठले.